हळदीचा साबण पिवळा का राहत नाही, आणि पिवळा कशाने राहतो

भांडुपहून एका ताईंनी विचारलं आहे: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरी केलेले पन्नास पिवळे साबण द्यायचे आहेत, रंग कृत्रिम नको, म्हणून घरची हळद घालून एक घाणा करून पाहिला. मिश्रण आधी लालभडक झालं, साच्यातून काढलं तेव्हा विटकरी होतं, आणि दीड महिन्यात खिडकीकडची बाजू मळकट बदामी पडली. हळद भेसळीची होती का, कॉस्टिक (तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा) जास्त पडलं का, आणि हळद नाही तर मग काय?

ताई, तुमची हळद चांगली होती. कॉस्टिकही बहुधा बरोबरच पडलं असणार. तुम्ही वर्णन केलंय तसंच हळद दरवेळी वागते, आणि तिचं हे वागणं आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. हळदीला चुना किंवा टाकणखारासारखा क्षार लागला की तिचं कुंकू होतं. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण घासला की तो क्षणात लाल होतो, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. हळदीतला रंग कर्क्युमिनचा. पीएच साडेसात-आठच्या पुढे गेला की तो पिवळ्याचा लाल व्हायला लागतो. घरी केलेला साबण पूर्ण मुरल्यावरही नऊ-दहाच्या आसपास पीएचचा असतो आणि भांड्यात ओतताना तर त्याहून बराच वर. म्हणजे साबणात हळदीला पिवळं राहायला जागाच नाही. वर क्षारात कर्क्युमिन नुसतं रंग बदलत नाही, ते तुटायलाही लागतं, आणि जे उरतं ते उन्हात उडतं. तुमची खिडकीकडची बाजू आधी गेली ती म्हणूनच.

गेली सोळा वर्षं मी बोरिवलीत घरच्या घरी कोल्ड प्रोसेसचे, म्हणजे मिश्रण न शिजवता केलेले, साबण करते आणि शिकवते. पिवळ्या रंगाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि जवळजवळ प्रत्येकजण तो एकाच ठिकाणाहून सुरू करतो: स्वयंपाकघरात पिवळं काय काय आहे? मला वाटतं, चूक तिथेच होते. भातात, दुधात, श्रीखंडात जे पिवळं दिसतं ते सगळं आंबट किंवा तटस्थ पदार्थात दिसतं. साबण क्षाराचा. त्यामुळे प्रश्न असा विचारायला हवा की चुन्यात काय पिवळं राहतं?

हे तपासायला कॉस्टिक लागत नाही. पानवाल्याकडून खायचा चुना आणा, चिमूटभर एका वाटी पाण्यात ढवळा, खाली बसू द्या, आणि वरची निवळी दुसऱ्या पांढऱ्या वाटीत काढा. ही निवळी जवळपास साबणाच्या ओल्या मिश्रणाइतकी कडक क्षारीय असते. दुसऱ्या वाटीत पाण्यात खायचा सोडा विरघळवा. तो साबणापेक्षा जरा सौम्य आहे, पण दिशा कळते. दोन्ही वाट्यांत तुमची पूड किंवा काढा थोडा थोडा घाला आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन्हीत पिवळाच असेल तर पुढे विचार करायचा. चुन्यात लाल, तपकिरी किंवा हिरवट झाला तर तो रंग साबणात काय दिसणार ते तुम्हाला दोन रुपयांत कळलं, नारळाचं तेल न जाळता. हळद घालून पाहा, डोळ्यांसमोर कुंकू होईल. निवळी डोळ्यात जाऊ देऊ नका आणि वाट्या मुलांच्या हाताबाहेर ठेवा, एवढी काळजी मात्र घ्या.

ही परीक्षा जे रंग उत्तम पास होतात ते जवळजवळ सगळे एकाच घराण्यातले: कॅरोटिनॉइड. गाजर, झेंडू, लाल पाम तेल, शेंद्रीच्या बिया. हे रंग तेलात उतरतात आणि क्षाराला घाबरत नाहीत. त्यांचे शत्रू दोन, उजेड आणि हवा. हळदीला क्षार आणि उजेड दोन्ही मारतात, यांना फक्त उजेड आणि हवा, आणि उजेडापासून साबण वाचवणं आपल्या हातात असतं.

यांतली माझी पहिली पसंती शेंद्री, म्हणजे ॲनाटो. झाड मूळचं उष्ण अमेरिकेतलं, पण आपल्या हवेत छान वाढतं. काटेरी मऊ केसांची लाल बोंडं येतात आणि आत शेंदरी पुडीने माखलेल्या बारीक बिया. बाजारातल्या पिवळ्या बटरच्या वेष्टनावर घटक वाचलेत तर बहुधा हेच नाव दिसेल. नावाबाबत मात्र सावध राहा. आपल्याकडे शेंद्री हे नाव दोन वेगळ्या झाडांना लावतात, आणि दुसऱ्याच्या फळावरची लाल पूड हा वेगळाच पदार्थ आहे. दुकानात ‘ॲनाटोच्या बिया’ असंच मागा आणि बिया अख्ख्या घ्या, पूड घेऊ नका. मला त्या मशीद बंदरच्या मसाल्याच्या दुकानांत मिळाल्या आहेत, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासही. नाही मिळाल्या तर ऑनलाइन सहज मिळतात.

शेंद्रीवर माझा विश्वास का, तर तिचा रंग काढण्याची रीतच क्षाराची आहे. बियांवरचा रंग बिक्सिन. तो तेलात उतरतो. चीजला लावायचा पाण्यात मिसळणारा रंग हवा असेल तेव्हा कारखान्यात याच बियांना सौम्य क्षाराचं पाणी देतात, बिक्सिनचं नॉरबिक्सिन होतं आणि तेही पिवळं-नारिंगीच राहतं. आपण साबण करताना तेच करतो. ज्या गोष्टीने हळद मरते त्याच गोष्टीने शेंद्री पाण्यात मिसळायला शिकते, असं मी शिकवताना सांगते.

कृती अशी. २५ ग्रॅम अख्ख्या बिया, २५० ग्रॅम रिफाइंड राइस ब्रॅन तेल. स्टीलच्या भांड्यात घालून ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा. तेल हाताला चांगलं गरम लागेल इतकंच तापवायचं, फोडणीसारखं नाही. जास्त तापलं की बिक्सिन बिघडतं आणि शेंदरी झाक निघून जाते. अधूनमधून हलवत पाऊण तास. मग आच बंद करून रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा. बिया वाटायच्या नाहीत, रंग सगळा वरच्या सालीवर असतो आणि वाटल्यावर नुसता गाळ होतो. गाळलेलं तेल तांबडं-केशरी दिसेल. घाबरू नका, साबणात ते पिवळं होतं. काचेच्या बाटलीत, अंधारात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा.

किती घालायचं? ५०० ग्रॅम तेलांच्या घाण्यात एक चहाचा चमचा घातला तर लोण्याचा रंग. १५ ते २० ग्रॅम घातलं तर पिवळाधमक, आणि मला वाटतं तुम्हाला वाणासाठी हाच हवा. ५० ग्रॅमपर्यंत गेलात तर केशरीकडे झुकतो. बिया जुन्या-नव्या असतात, म्हणून हे आकडे सुरुवातीचे समजा. ओल्या मिश्रणात जितका रंग दिसतो त्याहून वाळल्यावर एक छटा उतरते, तेव्हा भांड्यात किंचित गडद दिसू द्या. आणि हे रंगीत तेलही तेलच आहे, हे विसरू नका. जितकं घालाल तितकं राइस ब्रॅन कमी करायचं, नाहीतर हिशेब चुकतो.

मी या रंगासाठी वापरते तो घाणा देते. नारळाचं तेल १५० ग्रॅम, रिफाइंड ऑलिव्ह २०० ग्रॅम, राइस ब्रॅन १०० ग्रॅम (शेंद्रीचं तेल यातच धरून), एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम, पाणी १४० ग्रॅम. यात पाच टक्क्यांहून थोडं जास्त तेल साबण न होता मोकळं राहतं, त्वचेला ते बरं. एकही तेल बदललंत तर सोड्याचा आकडा बदलतो, कारण नारळाला ऑलिव्हपेक्षा बराच जास्त सोडा लागतो. त्यामुळे नवा हिशेब लाय कॅल्क्युलेटरवर (कोणत्या तेलाला किती सोडा ते काढून देणारं ऑनलाइन गणकयंत्र) करूनच घ्या, अंदाजाने नाही. सगळं वजनाने, सोडासुद्धा, आणि वजनकाटा दशांश ग्रॅम दाखवणारा असावा. छोटा प्रयोग करायचा झाला तर ५० ग्रॅम तेलाचा करू नका. तिथे सोडा जेमतेम सात ग्रॅम लागतो आणि अर्ध्या ग्रॅमची चूकही साबण झोंबरा करते. २०० ग्रॅम तेल घ्या, त्याला २८ ग्रॅम सोडा.

सोड्याबद्दल तुम्हाला माहीत असेल, तरी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. खिडकी उघडी, मुलं दुसऱ्या खोलीत. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. आपल्या स्वयंपाकघरांत ती हाताशी असतात, पण कॉस्टिक त्यांना खातं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. अंगावर उडालं तर नळाखाली भरपूर पाण्याने बराच वेळ धुवा, व्हिनेगर शोधत बसू नका.

आता झेंडू. दसऱ्यानंतर मला दरवर्षी विचारणा होते की तोरणाच्या झेंडूचं काय करता येईल. दादरच्या फूलबाजारातून आणलेली ती पिवळी रास सुकत टाकायला जिवावर येतं, मला कळतं. झेंडूतला मुख्य रंग ल्युटिन, तोही कॅरोटिनॉइडच, आणि तोही क्षाराला तोंड देतो. झेंडूच्या अर्कातून शुद्ध ल्युटिन वेगळं करताना कारखान्यात क्षारच वापरतात. म्हणजे तेलात उतरवलेला झेंडू चालतो. पण पाकळ्यांची पूड थेट घातलीत तर चित्र बदलतं, कारण पाकळ्यांत ल्युटिनबरोबर फ्लॅव्होनॉइड नावाचे दुसरे रंगही असतात आणि ते क्षारात तपकिरीकडे जातात. पूड घातलेला साबण मोहरीच्या चटणीसारखा दिसतो, तेल गाळून घातलेला स्वच्छ पिवळा. फरक एवढाच, पण तोच सगळा फरक.

झेंडूत माझा एक मोठा घाणा गेला आहे, तो सांगते. एका दसऱ्याला मी तोरणं उतरवून पाकळ्या दोन दिवस पंख्याखाली वाळवल्या आणि तेलात टाकल्या. हाताला कोरड्या लागत होत्या. पण मुंबईच्या ऑक्टोबरच्या हवेत कोरडं दिसणं आणि कोरडं असणं यात अंतर आहे. बुडाशी जिथे पाकळ्यांचा भरगच्च भाग असतो तिथे ओल राहिली होती. दहा दिवसांनी बरणीच्या तळाशी पाण्याचे थेंब आणि वर बुरशी. सव्वा किलो तेल टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून पाकळी देठापासून सुटी करते, पिवळी तेवढी घेते, हिरवा-पांढरा भाग काढून टाकते, आणि ती चुरडल्यावर पापडासारखी मोडेपर्यंत वाळवते. बाहेर दमट असेल तर ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर, दार किंचित उघडं ठेवून. आणि देवाच्या तोरणातली फुलं घ्यायची असतील तर आधी धुऊन घ्या. बाजारातल्या झेंडूवर फवारणी झालेली असते आणि ती फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात.

झेंडू म्हणजे कॅलेंडुला नव्हे. इंग्रजीत दोघांनाही एकच नाव लावतात म्हणून गोंधळ होतो, पण झाडं वेगळी. कॅलेंडुलाचं तेल रंगाला फिकंच असतं, तेलासाठी मी ते घेत नाही. त्याच्या सुक्या पाकळ्यांची गोष्ट निराळी. साबणात घातलेलं जवळजवळ प्रत्येक फूल तपकिरी पडतं, गुलाब पडतो, लॅव्हेंडर पडतं, पण कॅलेंडुलाची पाकळी पिवळीच राहते. शेंद्रीच्या साबणावर वरून चिमूटभर कॅलेंडुला फार सुरेख दिसते. वाणाला शोभेल.

गाजराबद्दल एकच महत्त्वाची गोष्ट: नारिंगी गाजर घ्या. थंडीत भाजीवाल्याकडे जी लाल गाजरं येतात, ज्यांचा आपण हलवा करतो, त्यांत लायकोपिन हा लाल रंग जास्त असतो आणि पिवळ्यासाठी ती कामाची नाहीत. किसून, कडकडीत वाळवून तेलात उतरवा. उकडून वाटलेला गर घालायचा असेल तर पाण्याच्या बदल्यात ३० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. लाल भोपळ्यालाही हेच लागू. दोन्हींचा रंग गोड, पण शेंद्रीपेक्षा लवकर उडतो. लाल पाम तेल मिळालं तर एकूण तेलाच्या दहा टक्के पुरतं, शिवाय त्याला वेगळं उतरवायची कटकट नाही.

हापूसच्या रसाचा साबण करायचाय असं दर मे महिन्यात कोणीतरी म्हणतं. करू नका. रसात साखर भरपूर, कॉस्टिकबरोबर साखर तापते आणि काळवंडते. मिश्रण साच्यात उकळून वर आलेलं मी पाहिलंय. रंग तर राहतच नाही, वासही राहत नाही. आंबा खायचाच.

केशराचंही तेच, वेगळ्या कारणाने. केशरातला क्रोसिन साबणात फिकट पिवळसर मलईचा रंग देतो, आणि तो रंग एक चमचा शेंद्रीच्या तेलाने शंभरावा भाग खर्चात येतो. इथे मला पारिजातकाचा उल्लेख करावासा वाटतो. त्याचा केशरी देठ म्हणजे केशराच्याच रंगाचं घराणं, त्यात क्रोसिनचाच भाऊबंद क्रोसेटिन. श्रावणापासून आश्विनापर्यंत आमच्या इमारतीच्या आवारात रोज सकाळी त्या फुलांचा सडा पडतो, आणि पूर्वी या देठांनी रेशीम रंगवत. मी एक पूर्ण हंगाम देठ खुडून वाळवले आणि पाण्याऐवजी त्याच्या काढ्यात सोडा विरघळवून साबण केला. मलईसारखा रंग आला, जरा उबदार. पिवळा म्हणता येणार नाही. पण त्या साबणाची मला अजून आठवण येते, म्हणून लिहिलं.

पळस, डाळिंबाची साल, कांद्याची टरफलं यांचं नाव कापड रंगवणाऱ्यांकडून ऐकू येतं. कापडावर तुरटीचा आधार असतो आणि तिथे हे रंग सुंदर बसतात. साबणात तुरटी नाही, क्षार आहे. पळस चुन्यात केशरी होतो, रंगपंचमीच्या पाण्यात थोडा चुना घालतात तो त्यासाठीच. टॅनिनवाली डाळिंबाची साल तपकिरी पडते. कांद्याचं टरफल आधी गडद पिवळं होऊन आशा लावतं आणि मग काही दिवसांत खाकी. तिन्ही वाटीच्या परीक्षेत एका रात्रीत कळतात, म्हणून ती परीक्षा.

बेसन आणि मुलतानी मातीने पिवळा येत नाही, मळकट मलई येते. ते उटण्यात ठेवा.

मातीच्या रंगांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. पिवळी माती, जिला रामरज म्हणतात आणि जी पूर्वी भिंतीच्या सफेदीत घालत, तिचा पिवळा लोहाचा असतो. त्याला ना क्षाराने काही होतं ना उन्हाने. टिकाऊपणात शेंद्री, झेंडू सगळे तिच्या मागे. पण रंगाच्या दुकानातली माती अंगाला लावायच्या साबणात घालू नका. ती भिंतीसाठी खणलेली असते, तिच्यात शिसं किंवा आर्सेनिक किती आहे हे कोणी तपासलेलं नसतं. टिकाऊ पिवळा हवाच असेल तर कॉस्मेटिक ग्रेडचा पिवळा आयर्न ऑक्साइड घ्या. तो कारखान्यात तयार होतो, म्हणून काहीजण त्याला नैसर्गिक मानत नाहीत, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण तपासलेला शुद्ध पदार्थ आणि न तपासलेली ‘नैसर्गिक’ माती यात निवड करायची वेळ आली तर मी पहिला निवडेन आणि वाणाच्या चिठ्ठीवर तसं लिहीन.

आता पुन्हा हळदीकडे. हळदीकुंकवाच्या वाणात हळद असावी असं तुमच्या मनात असणार, आणि ती इच्छा मला मोलाची वाटते. मग हळद घाला, पण रंगाची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. ५०० ग्रॅम तेलाला पाव चहाचा चमचा हळद थोड्या तेलात कालवून गाळा आणि ते तेल शेंद्रीच्या तेलाबरोबर मिश्रण घट्ट व्हायला लागल्यावर घाला. साबण आधी नारिंगी दिसेल, मुरताना सोनेरी होईल. हळदीचा भाग काळाने उतरेल आणि शेंद्रीचा खाली उभा राहील, त्यामुळे साबण फिका पडला तरी मळकट दिसणार नाही. हळद सांगलीची असो की वर्ध्याच्या वायगावची, साबणात त्याने फार फरक पडत नाही. फक्त हळकुंडं आणून दळून घ्या, कारण सुट्या पुडीत मेटॅनिल यलो किंवा शिशाचं क्रोमेट मिसळलेलं सापडतं आणि शिसं अंगाला लावायचं नाही. अर्ध्या चमच्याच्या पुढे गेलात तर फेस पिवळा येतो आणि पाहुण्यांचे पांढरे टॉवेल रंगतात.

रंग चांगला निवडूनही साबण मळकट होतो तेव्हा दोष बहुतेकदा खालच्या पांढऱ्याचा असतो. हिरवट ऑलिव्ह पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल) घेतलंत की पिवळा शेवाळी दिसतो. लिंबासारखा हलका पिवळा हवा असेल तर तेलं रिफाइंड घ्या आणि एक चहाचा चमचा केओलिन, म्हणजे बारीक पांढरी माती, घाला. सुगंधात व्हॅनिला असेल तर साबण हमखास तपकिरी पडतो, मग रंग कोणताही असो. मी पिवळ्याबरोबर गवती चहाचं तेल वापरते. त्याची स्वतःचीच पिवळी झाक आहे आणि वास आपल्या सकाळच्या चहाचा. ५०० ग्रॅम तेलाला दहा ग्रॅमच्या पुढे जात नाही, काहींच्या त्वचेला ते सोसत नाही.

एक गोष्ट मुंबईत विशेष छळते. लांब साच्यात ओतलेला साबण मधोमध तापून जेल होतो, म्हणजे मऊ आणि अर्धपारदर्शक होतो, आणि कडेने होत नाही, मग वडी कापली की मधे गडद पिवळं वर्तुळ आणि भोवती फिकी कडा. पूर्ण जेल होऊ द्या नाहीतर अजिबात नको. मी वाणासाठी पूर्ण जेल सुचवेन, रंग खुलतो. साचा प्लास्टिकच्या कागदाने झाकून जाड टॉवेलात गुंडाळा आणि चोवीस तास उघडू नका. झाकल्यामुळे वर पांढरी राखही धरत नाही.

मुरायला सहा आठवडे. पावसाळ्यात केलेल्या साबणाला मी आठ देते, कारण ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं आणि वड्यांना घाम फुटतो. तुमचं वेळापत्रक सुदैवाने कोरड्या दिवसांत येतं. दिवाळी संपली की लगेच लागा, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळे घाणे ओतून झाले पाहिजेत. वड्या जाळीवर, पंख्याच्या हवेत, पण पडदा ओढलेल्या खोलीत. माझ्या पश्चिमेच्या खिडकीखालच्या फळीवर एकदा चाळीस वड्या मुरत होत्या. सहा आठवड्यांनी प्रत्येकीचा उजेडाकडचा अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्यापेक्षा स्पष्ट फिका झाला होता, आणि त्या दिवसापासून पिवळे साबण मी कपाटात, दार फटीएवढं उघडं ठेवून मुरवते.

वर दिलेल्या एका घाण्यात सुमारे ७१० ग्रॅम मिश्रण होतं. ५५ ग्रॅमची ओली वडी धरली तर बारा नीट निघतात, वाळून ती पन्नासच्या खाली येते. पन्नास वाणांसाठी पाच घाणे करा, तुटफूट धरून. शेंद्रीचं तेल मात्र पाचही घाण्यांसाठी एकदाच, एका बरणीत करा. दोन वेळा केलंत तर दोन पिवळे होतील आणि ताटात शेजारी शेजारी ठेवल्यावर ते नक्की दिसतं. हे वाण आहे, विक्री नाही. पुढे विकायचं मनात आलं तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० नुसार उत्पादनाचा परवाना लागतो, तो आधी काढा.

गुंडाळायला पारदर्शक सेलोफेन नको. दिसायला छान, पण त्यातून उजेडही जातो आणि ओलही अडकते. बटर पेपर, त्यावर जाड रंगीत कागदाची पट्टी. पट्टीच्या आत एका ओळीत लिहा: शेंद्री आणि हळद, उन्हात ठेवू नये, तीन-चार महिन्यांत वापरावा. एक वडी वाटू नका. तिचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून खिडकीत ठेवा, गुढीपाडव्याला कागद काढा, आणि दोन अर्ध्यांत किती फरक पडला ते मला कळवा. त्यावरून पुढच्या वर्षी शेंद्रीचं तेल किती वाढवायचं ते ठरवू.